न सुटलेले जहाज

रविवार, ८ जून

ही वही मुळात इयत्ता आठवीच्या भूमितीसाठी आणलेली होती. तिची पहिली चार पाने वर्तुळांनी भरलेली असून उरलेली कोरी आहेत. चौकटींच्या कागदावर दैनंदिनी लिहिणे शिस्तीला धरून नाही, परंतु कोरी पाने टाकून देणे मला त्याहून गैर वाटते. शिवाय निघण्यापूर्वी काही गोष्टी लेखी असाव्यात.

निर्णय असा: येत्या गुरुवारी, दुपारी बाराच्या जहाजाने मी पांतेल्लेरिया बेट सोडून त्रापानी बंदरास जाईन आणि तेथून पुढे उत्तरेस तोरिनोस, कन्या ब्रिजिदा हिच्याकडे, कायमच्या वास्तव्यासाठी. माझी पत्नी निन्फा हिला जाऊन चौदा महिने झाले. माझे नाव एलिओदोरो, वय एकोणसत्तर. मी या बेटाचा नव्हे. अठ्ठाविसाव्या वर्षी गणिताचा शिक्षक म्हणून येथे आलो, निन्फाशी विवाह झाला म्हणून राहिलो, आणि एक्केचाळीस वर्षांनंतरही बाजारात माझा उल्लेख ‘त्रापानीचे मास्तर’ असाच होतो. ज्या कारणाने राहिलो ते कारण आता उरलेले नाही. या युक्तिवादात दोष नाही. मी तो दोनदा तपासून पाहिला आहे.

आज निन्फाचा थोरला भाऊ गास्पारे याला निर्णय सांगितला. तो खाम्मा वस्तीत राहतो, केपरच्या झुडपांची शेती करतो, आणि दर रविवारी पत्ते खेळावयास माझ्याकडे येतो. त्याने ऐकून घेतले, “बरं” म्हणाला आणि पत्ते वाटले. त्यानंतर तो सलग तीन डाव हरला. गेल्या वीस वर्षांत असे कधी घडल्याचे मला स्मरत नाही. त्याची दृष्टी अधू होत चालली असावी.

बुधवार, ११ जून

गावातील भाड्याच्या घराच्या किल्ल्या मालकिणीच्या स्वाधीन केल्या. उद्यापासून रंगारी येणार आहेत, म्हणून आजची रात्र बंदरासमोरील खाणावळीच्या खोलीत. मोठी पेटी जहाज कंपनीच्या कचेरीत दिली. तिच्यात माझे सर्व कपडे आहेत. अंगावर काळा सूट, हातात ही वही, चष्मा, मोबाइल फोन, दाढीचे सामान आणि निन्फाचे छायाचित्र एवढेच ठेवले आहे.

निन्फाच्या नावे खाम्माला केपरचे चार मळे आहेत, ती गेल्यापासून बंद असलेले उन्हाळ्याचे घर आहे आणि मळ्यांच्या टोकाला तिचे संत्र्याचे झाड, दगडी भिंतीच्या गोल बुरुजात. येथे वारा असा की झाड उभे राहावयाचे तर त्याच्याभोवती भिंत हवी; एका झाडासाठी एक बुरूज. त्या घराची आणि बुरुजाच्या दाराची अशा दोन्ही किल्ल्या गास्पारेकडे पोहोचत्या केल्या. मळ्यांचे काय करायचे, असे त्याने विचारले. तुम्हाला योग्य वाटेल ते करा, असे मी म्हणालो. तो म्हणाला, “मला योग्य वाटेल ते केलं की तू चिडतोस, जावईबापू.”

मी कधी चिडलो, हे त्याने सांगितले नाही.

गुरुवार, १२ जून

आजचा दिवस माझ्या आयोजनाबाहेरचा होता. म्हणून तो सविस्तर नोंदवितो.

सकाळी आठ वाजता जहाज कंपनीच्या कचेरीत पोहोचलो. खिडकीशी ओरियाना बेलव्हीझी होती. ही माझी जुनी विद्यार्थिनी. हिला मी बीजगणितात दोनदा अनुत्तीर्ण केले होते. ती म्हणाली, “प्रोफेसर, आज जहाज नाही.”

समुद्र तेलासारखा सपाट होता. मी हे तिच्या निदर्शनास आणून दिले. तेव्हा तिने इंजिनात बिघाड झाल्याचे सांगितले. कोणत्या भागात, असे मी विचारले. तिने किंचित विचार केला आणि म्हणाली, “मागच्या.” फळ्यासमोर उभे केल्यावर तिचे कान जसे लाल होत, तसेच आजही झाले; सकाळपासूनच उकाडा फार होता. पुढील जहाज सोमवारी. माझी पेटी मागितली, तर ती कोठारात असून कोठाराची किल्ली ज्याच्याजवळ आहे तो बाप्तिस्म्याला गेला आहे, असे कळले. गुरुवारी सकाळी आठ वाजता बाप्तिस्मा असतो हे मला ठाऊक नव्हते.

बाहेर पडलो तो समोर गास्पारे आपल्या तीनचाकी टेम्पोत बसलेला. इंजिन चालूच होते. केपरच्या हंगामात सकाळी आठ वाजता तो मळ्याबाहेर दिसणे म्हणजे पाद्रीबाबा मिस्सेच्या वेळी बाजारात दिसण्यासारखे. बंदरावर खिळे घ्यायला आलो होतो, असे तो म्हणाला. खिळे काही दिसले नाहीत.

मी परिस्थिती सांगितली. घर नाही, जहाज नाही, पेटी नाही. त्याने टोपी मागे सरकवली.

“म्हणजे आज तू प्रवासी,” तो म्हणाला. “घर नाही, काम नाही, सामान नाही. लोक एवढ्यासाठी मिलानहून येतात. बस.”

मी त्याला समजावू पाहिले की मी खाणावळीच्या खोलीत वाचन करीत सोमवारपर्यंत थांबू शकतो. त्यावर त्याने विचारले, वाचणार काय, पुस्तके तर पेटीत आहेत. मी बसलो.

टेम्पोत पायाशी एक पिशवी होती. तिच्यात एक आखूड चड्डी, एक सुती सदरा, दोरीच्या तळाची पायताणे आणि गवती टोपी होती. घरातील जुने कपडे सहज बरोबर घेतले होते, असे गास्पारे म्हणाला. त्याची कंबर माझ्या दुपटीने असूनही ती चड्डी मला नेमकी बसली. पायताणेही माझ्याच मापाची निघाली. चड्डीला दुकानाची चिठ्ठी तशीच लटकत होती. ती मी काढून टाकली.

प्रथम त्याने मला तळ्यावर नेले. जुन्या ज्वालामुखीच्या मुखात साठलेले हे हिरवेनिळे तळे मी एक्केचाळीस वर्षे रस्त्यावरून पाहत आलो आहे. त्याचे क्षेत्रफळ काढण्यास मी दरवर्षी सातवीला सांगत असे. त्यात पाऊल मात्र कधी ठेवले नव्हते. काठाला कोमट झरे आहेत आणि करड्या रंगाचा चिखल. लोक तो अंगाला फासतात, वाळवतात आणि धुऊन टाकतात. गास्पारेने मला विचारल्याविना माझ्या पाठीवर चिखल थापला. मी निषेध नोंदविला. त्याने डोक्यावरही थापला.

शेजारी मिलानचे एक जोडपे बसले होते. बाईंनी मला आपुलकीने सांगितले की चिखल पूर्ण तडकेपर्यंत थांबायचे असते, घाई करायची नसते. मग विचारले, “पहिल्यांदाच आलात का?”

मी प्रश्नाचा विचार केला. तळ्यात उतरण्यापुरते ते खरेच होते. मी ‘हो’ म्हणालो. मी असत्य बोलत नाही. हे गास्पारेलाही ठाऊक आहे, तरीही तो इतका हसला की त्याच्या तोंडावरचा चिखल तडकला. मग त्या बाईंनी मला बेटाची सर्व माहिती सांगितली. त्यातील तीन गोष्टी चुकीच्या होत्या. आश्चर्य असे की मी त्या दुरुस्त केल्या नाहीत.

पाण्यात उताणे पडून राहिलो. आकाशात एकही ढग नव्हता. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. निन्फा दरवर्षी जूनमध्ये म्हणत असे, “एकदा तळ्यावर जाऊ या.” जूनमध्ये माझ्याकडे उत्तरपत्रिका असत. पुढे निवृत्त झालो, उत्तरपत्रिका संपल्या, आणि तिने म्हणणे सोडून दिले होते. पाणी अत्यंत सुखद होते.

त्यानंतर खाली समुद्रकाठी गादीरला. तेथे धक्क्याच्या दगडांतच चौकोनी हौद कोरलेले आहेत आणि जमिनीतून गरम पाणी त्यांत येते. सकाळच्या तोडणीनंतर वस्तीतील म्हातारे तेथे पाठ शेकायला बसतात. मी पोहोचताच त्यांचे बोलणे थांबले. माझ्या चड्डीकडे सर्वांनी शांतपणे पाहिले. मग साल्सेदो नावाचा एक जण, ज्याच्या तिन्ही मुलांना मी शिकविले आहे, म्हणाला, “मास्तर, तुमचं जहाज तर आत्ताच…” एवढ्यात गास्पारेला खोकल्याची जोरदार उबळ आली आणि पाण्याखाली त्याचा पाय कोठेतरी जोराने लागला असावा, कारण साल्सेदो कळवळला. बोलणे तेथेच राहिले. पुढे हवामानावर चर्चा झाली.

साधारण पाऊण वाजता ईशान्येस क्षितिजावर एक पांढरे जहाज दिसले. ते आपल्या जहाजासारखे दिसते, असे मी म्हणालो.

“ते गॅसचं जहाज,” गास्पारे म्हणाला.

“गॅसच्या जहाजाला इतक्या खिडक्या कशाला?”

“गॅसला हवा लागते.”

हौदातील सगळेच म्हातारे यावर गंभीरपणे माना डोलावत होते. मी भौतिकशास्त्र शिकविलेले नाही, त्यामुळे वाद घातला नाही.

जेवण गास्पारेच्या घरी. आगातीना वहिनींनी पुदिना आणि ताजे चीज भरलेले रविओली केले होते, आणि बटाटा, कांदा, टोमॅटो नि केपर यांची थंड कोशिंबीर. रविओली करण्यास अर्धा दिवस लागतो हे मला निन्फामुळे ठाऊक आहे. मेजावर तीन ताटे मांडलेली होती. जहाज रद्द झाल्याची वार्ता या वस्तीत फारच लवकर पोहोचते. वहिनींनी माझा काळा सूट ब्रशाने झाडून त्यांच्या कपाटात टांगला आणि कपाटाला कुलूप घातले. कसर लागते, म्हणाल्या. मी दोनदा वाढून घेतले. घराच्या घुमटाकार छताखाली, जाड भिंतींच्या गारव्यात, मला बसल्या जागी झोप लागली. हे माझ्या बाबतीत यापूर्वी घडलेले नाही.

उन्हे उतरल्यावर गास्पारेने पाय मोकळे करायला नेले. वाट कोठे जाते हे मला ठाऊक होते, तरीही मी त्याच्या मागे गेलो.

निन्फाच्या चारही मळ्यांत फुले होती.

मी नीट सांगतो. केपर म्हणजे त्या झुडपाची न उमललेली कळी. ती पहाटे खुडायची, मिठात घालायची. एक झुडूप दर आठ दिवसांनी तोडावे लागते. चुकले तर कळी उमलते आणि पीक गेले. निन्फाने चाळीस वर्षांत एकही कळी उमलू दिली नाही. गेल्या वर्षी तिच्या पश्चात गास्पारेनेच मळे तोडले होते. मी चाळीस वर्षे रोज जेवणात केपर खाल्ले, पण केपरचे फूल कसे असते हे आज प्रथम पाहिले. पाकळ्या पांढऱ्या, आणि त्यांतून जांभळे लांब केसर बाहेर आलेले, शेकडो. संध्याकाळी ते उमलते आणि दुसऱ्या दुपारपर्यंत मिटते. काळ्या दगडांवर सगळीकडे ती पांढरी फुले पसरली होती. मला ते अतिशय सुंदर वाटले आणि मी तसे म्हणालो.

गास्पारे माझ्याकडे वळला.

“सुंदर,” तो म्हणाला. “तुला माहीत आहे का, मळ्यात फुलं दिसली की वस्तीत काय म्हणतात? म्हणतात, त्या घरात आता कुणी उरलं नाही. एवढाच अर्थ असतो. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण पंधरा दिवस हे बघतोय. माझ्या बहिणीचं घर, आणि कुणी नाही.”

मी विचारले, मग तुम्ही का तोडले नाहीत.

“माझं घर आहे का ते?”

“पण मी तर आहे,” मी म्हणालो.

त्याने मला टोपीपासून पायताणांपर्यंत न्याहाळले. पायात दोरीची पायताणे, डोक्यावर गवती टोपी आणि कानामागे वाळलेला चिखल अशा स्थितीत मी ते वाक्य उच्चारले, हेही नोंदविणे आवश्यक आहे.

सोमवारचे जहाज येईपर्यंत गास्पारेच्या घरी रिकामा बसण्यापेक्षा उद्या पहाटे तोडणीस येईन, असे मी सांगितले. केवळ वस्तीतील गैरसमज दूर करण्यापुरते.

शुक्रवार, १३ जून

पाठ. गुडघे. पुन्हा पाठ.

दोन मळे झाले. आगातीना वहिनी माझ्या पुढे तीन झुडपे होत्या आणि शेवटी तेरा. कळी वाटाण्याहून लहान हवी; मी मोठ्या तोडतो, असा माझ्यावर ठपका आहे. गास्पारे म्हणाला, “मास्तरांना मोठे आकडे आवडतात.” रस्त्याने जाणाऱ्या चार माणसांनी टेम्पो थांबवून मला हाक मारली. चौघांनीही एकच विचारले: “कसं काय, मास्तर?” ‘त्रापानीचे’ असे कोणी म्हणाले नाही. घाई असावी.

आज तोडलेली झुडपे शनिवार, २१ जून रोजी पुन्हा तोडणीस येतील.

शनिवार, १४ जून

उरलेले दोन मळे झाले. ही झुडपे पुन्हा रविवारी, २२ जूनला. मी तेव्हा येथे नसेन, म्हणून गास्पारेच्या दिनदर्शिकेवर तारखा लिहून ठेवल्या. त्याने त्या पाहिल्या आणि सप्टेंबरपर्यंतच्या सर्व तारखा लिहून मागितल्या; आकडेमोड आपल्याला जमत नाही, म्हणाला. मी लिहून दिल्या. शेवटचा मळा संपत आला तेव्हा त्याने खिशातून बुरुजाची किल्ली काढली.

“झाडाला पाणी घालायचं राहिलंय,” तो म्हणाला.

मी म्हणालो की बुरुजातील झाडाला पाणी लागत नाही. भिंतीचे दगड रात्रीचे दव धरतात, तेवढ्यावरच झाड जगते. म्हणून तर भिंत. हे बेटावर लहान मुलाला ठाऊक आहे.

“ठाऊक आहे ना?” गास्पारे म्हणाला. “मग निन्फा रोज संध्याकाळी काय करायला जायची?”

“झाडाला पाणी घालायला,” मी म्हणालो, आणि थांबलो.

चाळीस उन्हाळे आम्ही या मळ्यांवरच्या घरात काढले. चाळीस उन्हाळे ती संध्याकाळी म्हणत असे, “झाडाला पाणी घालून येते,” आणि अर्ध्या तासाने परतत असे. मी ओसरीवर वाचीत बसलेला असे. तिच्या हातात बादली नसे. हे मी रोज पाहिले होते.

बुरुजाचे दार इतके बुटके की माणसाला वाकूनच आत जावे लागते. मी कधी गेलो नव्हतो. आत थंड होते आणि हिरवे. झाड माझ्या कल्पनेपेक्षा मोठे निघाले. फांद्या भिंतीला टेकून खाली वळलेल्या; पानांत दोन-चार उशिराची संत्री. बुंध्याशी बसण्यासाठी एक सपाट दगड, वापराने गुळगुळीत झालेला. त्याच्या शेजारी केपरची मोठी बरणी, काठोकाठ सिगारेटच्या थोटकांनी भरलेली.

मी तंबाखूच्या विरोधात आहे. शाळेत या विषयावर दरवर्षी माझे व्याख्यान असे. निन्फा पहिल्या रांगेत बसून ते ऐकत असे.

गास्पारे दाराबाहेरच उकिडवा बसला होता. तो म्हणाला, साऱ्या खाम्माला माहीत होते. वस्तीतील बायका दुकानातून पाळीपाळीने पाकीट आणून देत, म्हणजे मास्तरांना कळू नये. मी विचारले, तिने मला का सांगितले नाही.

“ती म्हणायची,” गास्पारे म्हणाला, “ज्या दिवशी एलिओदोरो विचारेल की बादली कुठे आहे, त्या दिवशी सोडीन.”

मी त्या दगडावर बसलो. प्रथम मला वाटले की श्वास अडकला आहे. मग कळले की मी हसत आहे. हे हसणे माझ्या नेहमीच्या हसण्यासारखे नव्हते. त्याला आवाज होता, आणि तो बुरुजात घुमत होता. गास्पारेही हसू लागला. काही वेळाने आम्हा दोघांनाही रुमाल लागले. माझा पेटीत असल्याने त्याचाच वापरला.

निघताना पाहिले तर पलीकडे, पानांच्या आड, आणखी एक सपाट दगड होता. त्यावर शेवाळ चढले होते. हा कोणाचा, असे मी विचारले.

“तुझा,” तो म्हणाला. “तुमच्या लग्नाच्या वर्षी मीच आणून टाकला. भारी जड आहे.”

रविवार, १५ जून

प्रार्थनेनंतर ब्रिजिदाचा फोन आला. तिने विचारले, “बाबा, तुम्ही कुठे आहात?” मी सांगितले की बेटावरच आहे, गुरुवारचे जहाज सुटले नाही. ती म्हणाली की माझी पेटी आज सकाळी तोरिनोला, तिच्या दारात पोहोचली.

मी तिला पुढीलप्रमाणे मांडून दाखविले. पेटी बुधवारी कचेरीत दिली. बुधवारी जहाज नव्हते. गुरुवारी जहाज सुटले नाही. शुक्रवारी आणि शनिवारी जहाज नसते. पेटीला पोहता येत नाही.

“बाबा,” ती म्हणाली, “गणित तुमचं आहे.”

त्यानंतर मी एकटाच गादीरपर्यंत चालत गेलो आणि धक्क्यावर बसलो. गणित कठीण नव्हते. बाप्तिस्मा, खिळे, इंजिनाचा मागचा भाग, तीन ताटे, नेमकी बसणारी चड्डी, खिडक्यांचे गॅसचे जहाज. आठवीचा मध्यम विद्यार्थी दहा मिनिटांत सोडवील असे उदाहरण मला तीन दिवसांत सुटले नव्हते. आणि त्याहून सोपे एक उदाहरण, ज्यात केवळ एक बादली कमी होती, चाळीस वर्षांत.

प्रथम राग आला. मला फसविण्यात आले होते, आणि मी फसवणूक सहन करीत नाही. मी मनात गास्पारेशी करावयाच्या भाषणाचा मसुदा तयार केला; त्याचे तीन भाग होते. मग लक्षात आले की या बेटावर जे जे माझ्याशी खोटे बोलले, ते सर्व एका बाजूला ठेवले आणि जे कधीच खोटे बोलले नाहीत ते दुसऱ्या बाजूला ठेवले, तर पहिल्या बाजूस निन्फा आहे.

भाषण केले नाही. संध्याकाळी पत्ते झाले. गास्पारेने मला सलग चार डाव हरविले. त्याची दृष्टी उत्तम आहे.

सोमवार, १६ जून

साडेदहाला कचेरीत गेलो, काळ्या सुटात. कपाट मी वहिनींकडून उघडवून घेतले होते. कुलूप काढायला त्यांनी फार वेळ लावला. गास्पारे मला सोडायला आला. वाटेत त्याने एकदाही विनोद केला नाही. बंदरात जहाज उभे होते, पांढरे, पुष्कळ खिडक्यांचे. समुद्र गुरुवारपेक्षाही सपाट होता. त्यावर कंपासाने वर्तुळ काढता आले असते.

ओरियानाने माझ्याकडे पाहिले आणि तिचे कान पेटले. “प्रोफेसर, आज जहाज आहे,” ती म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

मी तिला विचारले की इंजिनाचा मागचा भाग दुरुस्त झाला का. ती खाली पाहू लागली. गास्पारे दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता आणि ती गोल गोल फिरवीत होता. तो चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. परीक्षेचा निकाल ऐकायला आलेली मुले मी आयुष्यभर पाहिली आहेत. सर्वांचे हात असेच असतात.

मी तिकीट खिडकीवर ठेवले आणि ते परत घ्यावे अशी विनंती केली. कोणत्या तारखेचे हवे, असे तिने विचारले. मी सांगितले की शनिवारी, एकवीस तारखेला, माझे काम आहे आणि रविवारीही. मग पुन्हा एकोणतीस आणि तीस. तारखा दिनदर्शिकेवर लिहिलेल्या आहेत. ऑगस्टअखेर केपर संपतात, पण तेव्हा द्राक्षे उन्हात घालावी लागतात. तिने तारखेची जागा कोरी ठेवली आणि तिकिटावर शिक्का मारला. नियमानुसार असे करता येत नाही. मी ते तिच्या निदर्शनास आणले नाही.

बाहेर आल्यावर गास्पारे म्हणाला, “मग आता काय, प्रवासी?”

मी म्हणालो की प्रथम दुकानात जाऊन दुसरी चड्डी घेऊ, कारण माझे सर्व कपडे तोरिनोला स्थायिक झाले आहेत. आणि एक बादली घेऊ. त्याला पुन्हा रुमाल लागला.

दुपारी जहाज सुटताना आम्ही मळ्यावरून पाहिले. चौथ्या मळ्याच्या कोपऱ्यातील एक झुडूप मी शनिवारी फुलांसाठी मुद्दाम तोडले नव्हते. ते रस्त्यावरून दिसत नाही. निन्फाने ते खपवून घेतले नसते. पण तिनेही काही गोष्टी मला कळविल्या नव्हत्या.

संध्याकाळी बुरुजात, दुसऱ्या दगडावर बसलो असता, ब्रिजिदाचा फोन आला. तिने सावधपणे विचारले, आज निघालात का. तिने माझ्यासाठी खोली लावून ठेवली आहे आणि मी तिला शब्द दिलेला आहे, हे मला ठाऊक होते. खोली नाताळापर्यंत तशीच राहू दे, मी नाताळाला नक्की येईन, असे सांगणे योग्य ठरले असते. आणि ते मी नंतर सांगितलेही. पण त्याआधी, भिंतीपलीकडे समुद्र सुरकुतीविना पसरलेला असताना, मी तिला म्हणालो:

“जहाज सुटलं नाही, बेटा. समुद्र फार खवळलाय.”

तिच्या फोनवर सगळ्या जगाचे हवामान दिसते. ती म्हणाली, “हो बाबा. बातम्यांत सांगत होते. एवढ्यात काही तो शांत होणार नाही म्हणे.”